पेन्सिलीची फुली

कर्जाच्या फाइलमध्ये कुठे कुठे सह्या करायच्या ते चटकन दिसावं म्हणून बँकेत पेन्सिलीनं फुल्या मारून ठेवतात. नवरा-बायको समोर बसतात, नवरा किंवा शाखेतला कुणी पानं उलटत जातो आणि बायको फुली दिसेल तिथे सही करते. माझी सगळी नोकरी एका राष्ट्रीयीकृत बँकेत झाली, त्यातली बरीच वर्षं कर्ज विभागात. तेवढ्या काळात ‘थांबा, मला आधी वाचू द्या’ म्हणणाऱ्या बायका फार थोड्या भेटल्या. पुरुषही वाचत नाहीत म्हणा. पण कर्ज किती, कशासाठी आणि हप्ता कुठून जाणार हे पुरुषाला ठाऊक असतं. शेजारी बसलेल्या बाईला पुष्कळदा तेही माहीत नसतं. ‘यांचं काहीतरी काम आहे’ एवढ्यावर ती वीस-पंचवीस सह्या करून मोकळी होते.

निवृत्त झाल्यापासून ओळखीच्या, ओळखीच्यांच्या ओळखीच्या बायका पैशाचं विचारायला येतात. सुरुवात जवळजवळ ठरलेली असते : ‘तसा काही त्रास नाही हो. माणूस चांगला आहे. पण...’ आणि मग जे बाहेर येतं ते ऐकून मला दर वेळी वाटतं, की हे सगळं एकदा सलग लिहून ठेवावं. म्हणून घरातल्या आर्थिक छळाबद्दलचा हा लेख. मी वकील नाही, समुपदेशकही नाही. कागद मात्र खूप पाहिलेत.

आधी ‘तसा काही त्रास नाही’ याबद्दल. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ चा, लागू झाला २६ ऑक्टोबर २००६ पासून. त्याच्या तिसऱ्या कलमात हिंसाचाराचे प्रकार दिलेत : शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक, आणि आर्थिक. आर्थिक छळ हा तिथे स्वतंत्र प्रकार आहे, मारहाणीच्या शेपटीला बांधलेला नाही. बाईला हक्कानं मिळायला हवा तो पैसा न देणं, घरखर्चाला न देणं, तिचं स्त्रीधन किंवा तिची मालमत्ता अडकवून ठेवणं, घरभाडं थकवणं, दागिने, शेअर, ठेवी परस्पर विकणं, राहत्या घरात किंवा नेहमीच्या सोयी-सुविधांपर्यंत पोचू न देणं, हे सगळं त्यात येतं. लग्न झालेलंच असलं पाहिजे असंही नाही, लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या बाईलाही तो लागू आहे. तेव्हा ‘हात तर उचलत नाहीत ना’ हा निकष आपणच आपल्याला लावून घेतलेला आहे. कायद्यानं तो लावलेला नाही.

पण कायद्याची व्याख्या वाचून घरातली गोष्ट ओळखता येतेच असं नाही. पुष्कळ घरांत पैशाचं एकच माणूस बघतं आणि त्यात काही वावगं नसतं. माझ्याच घरात सगळं मी बघते, नवऱ्याला स्वतःच्या पेन्शनचा आकडाही विचारून सांगावा लागतो. याला छळ म्हणायचं का? नाही. कारण त्यांनी विचारलं तर मी पासबुक पुढे करते, आणि उद्या त्यांनी ‘मी बघतो आता’ म्हटलं तर चाव्या टेबलावर ठेवीन (थोडी कुरकुर करीन, ते सोडा). म्हणून मी येणाऱ्या प्रत्येकीला एकच विचारते : तू विचारलंस तेव्हा काय झालं? उत्तरादाखल कागद आला, आकडा आला, अगदी ‘रविवारी बसू’ आलं आणि रविवारी खरंच बसले, तर घरात फक्त कामाची वाटणी आहे. उत्तरादाखल राग आला, अबोला आला, ‘माझ्यावर विश्वास नाही का’ आलं, ‘तुला काय कळतंय त्यातलं’ आलं, तर पुढचं ऐकायला मी खुर्ची जवळ ओढते.

काटकसरीचंही तसंच. घरात ओढाताण असेल तर सगळ्यांनाच मन मारावं लागतं. तिथे बघायचं ते हे, की नियम दोघांना आहे की एकीलाच. ती भाजीच्या पावत्या दाखवते आणि तो नवा फोन घरी आणून तिला कळवतो, यात काटकसर नाही.

पैसा रोखून धरण्याचे प्रकार त्या मानानं ओळखीचे आहेत. नोकरी करणाऱ्या बाईचं एटीएम कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं. एक शिक्षिका दर महिन्याला शाखेत यायच्या, पगार जमा झाला का विचारायला. पासबुक भरून घ्यायच्या, आकडा बघायच्या आणि जायच्या. काढायच्या कधीच नाहीत, कारण संध्याकाळपर्यंत त्यातलं सगळं निघालेलं असायचं. खात्यावर नाव फक्त त्यांचं, नोंदवलेला मोबाइल नवऱ्याचा. म्हणजे पैसे गेल्याचा मेसेजसुद्धा पैसे काढणाऱ्यालाच. दुसरीकडे नोकरीच करू न देणं किंवा करू देऊन ती टिकू न देणं : मुलाखतीच्या सकाळी भांडण, परीक्षेच्या दिवशी गाडीची किल्ली सापडत नाही, ऑफिसात दिवसातून दहा फोन. याला कुणी पैशाशी जोडत नाही, पण परिणाम सरळ बँक खात्यावर होतो.

मला जास्त लिहायचंय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल, कारण तो दिसतो मान दिल्यासारखा. ‘तुझ्या नावावर केलंय’ हे वाक्य ऐकलं की बाईला बरं वाटतं, माहेरच्यांना तर फारच. बँकेत बसून मात्र मला हे वाक्य ऐकलं की प्रश्न पडायचा, की नावावर नेमकं काय केलंय? घर, की घराचं कर्ज?

जामीनदार म्हणून केलेली सही घ्या. सगळ्यांची समजूत अशी, की जामीनदार म्हणजे साक्षीदाराच्या वरची पायरी. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं १२८ वं कलम म्हणतं, की करारात वेगळं काही लिहिलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच. बँकेनं आधी नवऱ्याच्या मागे लागावं, तो सापडला नाही तर बायकोकडे यावं, असा क्रम कायद्यात नाही. वसुलीवाल्याला ज्याचा पगार नियमित दिसतो त्याच्याकडे तो आधी जातो, आणि तो पगार बऱ्याचदा बायकोचा असतो. सहकर्जदाराची तर गोष्टच नको, ते कर्ज तिचंच आहे. आणि हे एक लिहून ठेवा : घटस्फोट झाला म्हणून कर्जावरची सही पुसली जात नाही. कोर्टानं ‘हप्ते नवऱ्यानं भरावेत’ म्हटलं तरी बँक त्या खटल्यात पक्षकार नसते. त्यानं भरले नाहीत तर थकबाकी दोघांच्याही क्रेडिट अहवालात, म्हणजे कर्ज आणि परतफेडीच्या नोंदीत, दिसते.

मग बायकोच्या नावावरचा धंदा. नवऱ्याचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, बिघडलेला असतो किंवा बाईच्या नावावर सवलत मिळते, म्हणून फर्म तिच्या नावावर निघते. २०१६ ची स्टँड-अप इंडियासारखी योजना बायकांनी उद्योग काढावा म्हणून आली, आणि खरोखर उद्योग काढलेल्या बायका मी पाहिल्यात, हेही सांगते. पण अर्जदार बाईला ‘तुमचा माल कुठून येतो’ विचारल्यावर ती नवऱ्याकडे बघते, असंही बरंच पाहिलंय. एकल मालकीच्या धंद्यात धंदा आणि मालक कायद्याला वेगळे दिसत नाहीत. जीएसटीची नोटीस, थकलेलं कर्ज, व्यापाऱ्यांची देणी, सगळं तिच्या अंगावर. भागीदारी असेल तर १९३२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक भागीदार फर्मच्या देण्याला एकत्रितपणे आणि एकट्यानंही जबाबदार. ‘मी नावापुरती भागीदार होते’ याला तिथे किंमत नाही.

त्याच्याच जोडीला सही केलेले कोरे चेक. ‘तू घरी नसलीस तर अडायला नको’ म्हणून अख्खं चेकबुक सह्या करून दिलेलं असतं. त्यातला एक चेक कुणा व्यापाऱ्याकडे गेला आणि न वटता परत आला, की परक्राम्य संलेख कायद्याच्या १३८ व्या कलमाखाली नोटीस येते ती सही करणारीला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चेकवरचा आकडा मी लिहिलाच नव्हता हा बचाव वाटतो तितका उपयोगाचा नाही. स्वतःहून सही करून दिलेला कोरा चेकसुद्धा देण्यापोटीच दिला असं कायदा धरून चालतो, आणि तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं सही करणाऱ्यावर पडतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलंय.

गावाकडे हाच प्रकार बचत गटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या कर्जात होतो. कर्ज बाईच्या नावावर, हमी गटातल्या बाकीच्या बायकांची, पैसा जातो मोटरसायकलला नाहीतर आधीचं देणं फेडायला. हप्त्याच्या दिवशी बैठकीत मान खाली घालून बसते ती बाई, मोटरसायकलवाला नाही. हल्ली फोनवरच्या कर्जाची भर पडली आहे. तिचं आधार, तिचं पॅन, तिचा फोन दहा मिनिटं हातात, एक ओटीपी, की झालं. यात तर सहीचंही काम उरलं नाही.

जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या एका प्रकरणात गृहिणींबद्दल लिहिलं, की नवऱ्यानं बायकोला आर्थिक आधार द्यायला हवा, संयुक्त खातं असावं, एटीएम कार्ड तिच्याही हाती असावं. न्यायालयानं हे लिहिलं याचा आनंद झाला. पण संयुक्त खात्याबद्दल बँकवालीचं मत थोडं निराळं आहे. आपल्याकडची बहुतेक संयुक्त खाती ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असणारा’ या प्रकारची असतात. म्हणजे दोघांपैकी कुणीही एकजण एका सहीनं पूर्ण रक्कम काढू शकतो आणि बँक दुसऱ्याला विचारणार नाही. ज्या नात्यात भरवसा आहे तिथे ही सोय आहे. जिथे नाही तिथे तिनं कमावून भरलेला पैसा तो एका दुपारी रिकामा करू शकतो, आणि काउंटरवर आम्ही ‘मॅडम, खातं दोघांचं आहे’ यापलीकडे काही बोलू शकत नाही. घरखर्चापुरतं संयुक्त खातं जरूर असावं. पगार, पेन्शन, माहेरकडून आलेला पैसा यांना स्वतःचं एकटीचं खातं हवं.

संयुक्त खात्याचं एक हत्यार मात्र फार कमी जणींना माहीत असतं. कोणत्याही एका खातेदारानं शाखेला लेखी कळवलं, की आमच्यात वाद आहे, यापुढे माझ्या सहीशिवाय पैसे देऊ नका, तर बँक एकाच्या सहीनं होणारे व्यवहार थांबवते. पुढे दोघांच्या सहीनं किंवा कोर्टाच्या आदेशानंच खातं चालतं. पत्राच्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि वेळ घ्या. पत्रात ऑनलाइन बँकिंग, यूपीआय आणि कार्ड यांचाही उल्लेख करा, नाहीतर चेक थांबतो आणि फोनवरून पैसे जात राहतात. अर्थात त्याच खात्यातून तुमचा घरखर्च चालत असेल तर तोही थांबेल. त्याची सोय आधी.

नॉमिनीबद्दलही एक गैरसमज आहे. ‘सगळीकडे तुलाच नॉमिनी ठेवलंय’ हे ऐकून सुखावू नये. नॉमिनीला पैसे स्वीकारता येतात, बँकेत जमलेला पैसा वारसाहक्कानं कुणाचा ते मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. शिवाय तो जिवंत असेपर्यंत नॉमिनीला शून्य अधिकार, आणि नाव बदलायला एक फॉर्म पुरतो. खरंच काही द्यायचं असेल तर १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या सहाव्या कलमाखाली आयुर्विमा घेता येतो. त्या पॉलिसीचा पैसा बायको-मुलांच्या विश्वस्त निधीसारखा असतो. नवऱ्याच्या सावकाराला त्याच्यावर हक्क सांगता येत नाही, आणि नवऱ्यालाही मनाला येईल तेव्हा लाभार्थी बदलता येत नाही. पॉलिसी घेतानाच तसा अर्ज जोडावा लागतो, नंतर जमत नाही. विमा एजंट हे आपणहून क्वचितच सांगतात.

आता, शंका आली आहे असं धरू. पहिला सल्ला : लगेच जाब विचारू नका. जाब विचारला की कागद हलतात. घरात चिडचिड, धमक्या, हात उगारणं असेल तर जाब विचारणं धोक्याचंही असतं, आणि पैसा हातून निसटतोय असं दिसलं की असा माणूस जास्त बिथरतो. आधी गुपचूप माहिती काढा.

आपल्या नावावर काय आहे हे शोधायला नवऱ्याच्या कपाटाची किल्ली लागत नाही. आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पॅनवरून लॉगिन केलं की ‘वार्षिक माहिती विवरण’ दिसतं, ज्याला सगळे एआयएस म्हणतात. २०२१ पासून ते आहे. तुमच्या पॅनवर कुठल्या बँकेनं व्याज दिलं, लाभांश आला का, शेअर किंवा म्युच्युअल फंड विकले गेले का, मालमत्तेचा व्यवहार झाला का, हे त्यात येतं. एकीला त्यात एका सहकारी बँकेचं व्याज दिसलं. त्या बँकेत आपली ठेव आहे हेच तिला माहीत नव्हतं, आणि त्या ठेवीवर कर्जही उचललेलं निघालं. पुष्कळदा हे लॉगिन नवऱ्याच्या सीएनं नवऱ्याचाच मोबाइल देऊन बनवलेलं असतं. आधारला तुमचा स्वतःचा नंबर जोडलेला असेल तर आधारच्या ओटीपीवरून पासवर्ड नवा करता येतो. म्हणून खरी पहिली पायरी आधारचा मोबाइल नंबर. तो आधार केंद्रात जाऊन, अंगठा देऊन बदलता येतो, कागदपत्रं लागत नाहीत. सरकारी योजनेचे पैसे, लाडकी बहीणचे धरून, ज्या खात्याला आधार जोडलंय तिथे जातात. ते खातं कुठलं हेही त्याच वेळी बघून घ्या.

मग क्रेडिट अहवाल. देशात अशा चार कंपन्या आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं प्रत्येकीनं वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. चारही मागवा, एकीकडे नसलेलं कर्ज दुसरीकडे सापडतं. तुम्ही स्वतः बघितल्यानं स्कोअर कमी होत नाही, कोणी काहीही सांगो. त्यात जामीनदार म्हणून केलेल्या सह्याही येतात. न केलेलं कर्ज दिसलं तर त्याच कंपनीकडे आणि कर्ज देणाऱ्या संस्थेकडे लेखी हरकत घ्या.

जमिनीचं आणि घराचं महाराष्ट्रात तुलनेनं सोपं आहे. सातबारा ऑनलाइन बघता येतो, आणि नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोन, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, शोधता येते. बाईच्या एकटीच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, त्यामुळे आजकाल घरं बायकांच्या नावावर होतातही. मूळ करारनामा कुणाच्या ताब्यात आहे हा पुढचा प्रश्न. त्याची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, मूळ प्रतीसाठी घरात भांडायची गरज नाही.

हे सगळं करताना फोन कोणता वापरताय याचा विचार करा. तुमचा फोन तो बघत असेल तर बहिणीचा, मैत्रिणीचा, ऑफिसचा संगणक वापरा आणि ईमेलचा पत्ता नवा काढा. नवं खातं वेगळ्या बँकेत काढा, त्याच बँकेच्या दुसऱ्या शाखेत नको. त्याची तिथे उठबस असते, आणि ‘वहिनी परवा आल्या होत्या’ हे वाक्य कुणीतरी सहज बोलून जातं. खात्याचे कागद टपालानं घरी पाठवू नका म्हणून सांगा. पगार नव्या खात्यात वळवायला ऑफिसला एक अर्ज पुरतो, त्यावर नवऱ्याची सही लागत नाही. ज्या शिक्षिकांबद्दल वर लिहिलं त्यांनी शेवटी हेच केलं, मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर बसून. घरी काय झालं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पुढचे काही महिने त्या भावाकडून ये-जा करत होत्या एवढं माहीत आहे.

सोन्याबद्दल. लग्नाआधी, लग्नात, लग्नानंतर बाईला मिळालेले दागिने आणि भेटी म्हणजे तिचं स्त्रीधन, तिची एकटीची मालमत्ता. नवऱ्याकडे किंवा सासरी ते ठेवायला दिले तर ते फक्त सांभाळणारे, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच स्पष्ट केलं. परत न देणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा होऊ शकतो, नव्या भारतीय न्याय संहितेत त्याचं कलम ३१६. अडचणीत नवऱ्यानं ते वापरलं तर परत करायची जबाबदारी त्याचीच, असं एप्रिल २०२४ च्या निकालात पुन्हा सांगितलं गेलं. निकाल छान आहेत. अडतं कुठे, तर दागिने कोणते होते हे सांगता येत नाही. लग्नाचे फोटो, सराफाच्या पावत्या, वजनासकट यादी, आणि यादीवर देणाऱ्याची सही असेल तर सोन्याहून पिवळं. लॉकर संयुक्त असेल तर बँकेत नोंदवलेला मोबाइल आणि ईमेल तुमचाही आहे ना ते बघा. लॉकर उघडला की त्याच दिवशी मेसेज आणि ईमेल पाठवणं २०२२ पासून बँकांना बंधनकारक आहे. माझ्या नोकरीतला बराच काळ ही सोय नव्हती. दिवाळीला लॉकर उघडल्यावर पाटल्या नाहीत हे कळलेल्या बायका मी पाहिल्यात.

कोर्टात जायची वेळ आली तर २००५ चाच कायदा सगळ्यात उपयोगाचा आहे, कारण तो कामापुरता आदेश लवकर देऊ शकतो. अर्ज बारा कलमाखाली दंडाधिकाऱ्यांकडे करायचा. तो तुम्ही, संरक्षण अधिकारी (याच कायद्याखाली नेमलेला सरकारी माणूस) किंवा तुमच्या वतीनं दुसरं कुणीही करू शकतं. तात्पुरत्या राहत असाल तिथल्या कोर्टातही चालतो, म्हणजे माहेरी गेलेल्या बाईला सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. अठराव्या कलमाखाली मालमत्ता विकायला, खाती आणि लॉकर वापरायला मनाई करता येते, खातं एकट्या नवऱ्याच्या नावावर असलं तरी. एकोणिसाव्यात घरातून बाहेर काढायला मनाई आणि स्त्रीधन परत देण्याचा आदेश, विसाव्यात पैसे, तेविसाव्यात अंतरिम आदेश. वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कोणत्याही बाईला, तिचं उत्पन्न काहीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातच त्यांचं कार्यालय असतं, फोन १५१००. महिला हेल्पलाइन १८१, आणि जिवाला धोका असेल तर ११२.

पुरुष वाचक विचारतील, आणि विचारावंही, की बायकोनं असं केलं तर? हा कायदा फक्त स्त्रियांसाठी आहे, त्याखाली पुरुषाला दाद मागता येत नाही. वर लिहिलेली बँकेची पत्रं, अहवाल आणि खाती मात्र कुणालाही तशीच्या तशी लागू आहेत.

पोटगीचा दावा असेल तर २०२० च्या नोव्हेंबरमधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ‘माझं उत्पन्न काहीच नाही’ म्हणणाऱ्या व्यावसायिकाला आता खाती, ठेवी, गाड्या, कर्जं सगळं शपथेवर लिहावं लागतं. त्यानं लिहिलेलं खोटं आहे हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी हवं. म्हणून तो आयकर विवरणाचा फोटो, ती ठेवीची पावती, तो गाडीच्या विम्याचा कागद जमेल तेव्हा फोनमध्ये टिपून विश्वासातल्या माणसाकडे पाठवत राहा.

आणि अर्ज लिहिताना वकिलाच्या मागे लागून एक गोष्ट करून घ्या. ‘प्रतिवादीची सर्व बँक खाती गोठवावीत’ असं मोघम लिहून आदेश आला, की शाखेत तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरतो, कारण कुठलं खातं, कुठली शाखा हे कुणालाच कळत नाही, आणि तेवढ्यात पैसे निघून जातात. खाते क्रमांक, शाखा, ठेवीच्या पावतीचा क्रमांक, लॉकर क्रमांक असं सगळं अर्जात लिहा, आदेशात उतरवून घ्या आणि प्रमाणित प्रत हाती पडली की त्याच दिवशी स्वतः शाखेत नेऊन द्या. पोचपावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. शाखाधिकारी म्हणतील, ‘मॅडम, ठेवून जा, बघतो.’ तिथेच खुर्ची घेऊन बसा.